ताबा त्याचा, पण उतारा कुणाच्या नावावर?

परवा भाच्याला घेऊन गांधीनगरला गेलो होतो, घरात लग्न काढलंय तर आहेराची कापडं घ्यायला. शर्टपीस, साड्या, टॉवेल-टोप्या, हे सगळं गांधीनगर सोडून दुसरीकडं घेतलं तर तो कोल्हापूरचा माणूस कसला. दुकानदार थानावर थान उलगडत होता आणि भाचा मोबाईलमध्ये. पोरगं एमपीएससी करतंय, त्यामुळं जगातली कुठलीच बातमी त्याला नुसती वाचता येत नाही, प्रत्येकीचा प्रश्न काढतं. म्हणाला, "मामा, मार्च २०२२ ला युनोत १४१ देशांनी ठराव केला, रशियानं युक्रेनमधनं सैन्य काढून घ्यावं म्हणून. काढलं का? मग असल्या पाठिंब्याचा उपयोग काय? त्यापेक्षा आमच्या तालमीचा ठराव बरा, निदान वर्गणी तरी जमती."

प्रश्न काय चुकीचा नाही, बऱ्याच लोकांच्या डोक्यात हाच असतो. त्याला दुकानात, मग गाडीत, तुकड्या तुकड्यानं जे सांगितलं तेच इथं जरा सलग लिहितो.

आधी बांधाची गोष्ट. गावाकडं आमची थोडी जमीन आहे आणि शेजारी दरवर्षी नांगरट करताना बांध कोरतो, इतभर इतभर, सगळीकडं चालतं तसं. दोन वर्षांपूर्वी मात्र गडी थेट चार सरी आत आला आणि ऊस लावून मोकळा. पोलिसात गेलो तर दिवाणी मॅटर म्हणून हात वर. मोजणीचे पैसे भरले, तारखा पडल्या. ऊस त्यानं तोडला, बिल त्यानंच उचललं, हे पण खरं. पण एक काम आम्ही पहिल्याच महिन्यात केलं, त्यानं नोंद घालायचा प्रयत्न केला तेव्हा तलाठ्याकडं लेखी तक्रार दिली, आणि फेरफार, म्हणजे उताऱ्यावरचं नाव बदलायची नोंद, अडला. म्हणजे आज त्या चार सरींवर ताबा त्याचा, पण सातबारा आमच्या नावावर. त्याला त्या तुकड्यावर सोसायटीचं कर्ज निघत नाही, विकता येत नाही, पोराच्या नावावर करता येत नाही. आणि आम्ही बारा वर्षं गप बसलो असतो तर तो कोर्टात उभा राहून म्हणाला असता, कुणीच काय बोललं नाही, म्हणजे माझंच हे.

देशाचं पण अगदी असंच असतंय. सार्वभौमत्व हा शब्द जड आहे पण आत दोनच गोष्टी आहेत. एक, आपल्या हद्दीत आपलं चालतं, हा झाला ताबा. दुसरी, बाकीचे देश मान्य करतात की ही हद्द ह्यांची आणि इथलं सरकार ते, हा झाला उतारा. घुसलेलं सैन्य पहिली गोष्ट हिसकावून घेतं. दुसरी त्याला हिसकावता येत नाही, कारण ती त्या देशाच्या घरात नसतीच, ती बाकीच्या दोनेकशे देशांच्या दप्तरात असती. 'आम्ही तुमच्या सार्वभौमत्वाच्या पाठीशी आहोत' असं कुठल्या तरी देशाचा परराष्ट्रमंत्री टाय घालून म्हणतो तेव्हा तो तोफा देत नसतो, फेरफाराला हरकत नोंदवत असतो.

आता अडचण अशी की जगाला तलाठी नाही. सगळे शेजारीच एकत्र बसून दप्तर सांभाळतात, आणि त्यातले पाच जण जरा जास्तच मोठे आहेत. सुरक्षा परिषदेत १५ देश, त्यात अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स हे कायमचे, आणि ह्या पाचांतल्या एकानं जरी 'नाही' म्हटलं की ठराव पडला, त्यालाच व्हेटो म्हणतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला, दुसऱ्याच दिवशी परिषदेत ठराव आला, ११ मतं बाजूनं, ३ देश तटस्थ, विरोधात एकच, रशिया. पडला ठराव. आणि कहर म्हणजे परिषदेचं अध्यक्षपद महिन्या-महिन्यानं फिरतं आणि तो महिना नेमका रशियाचा होता, म्हणजे ज्यानं बांध कोरला तोच मीटिंगच्या खुर्चीवर.

अशा वेळी एक आडवाट आहे, १९५० साली काढलेली, कोरियाच्या युद्धात. परिषद अडली तर विषय महासभेत न्यायचा, तिथं सगळे देश असतात आणि व्हेटो कुणालाच नाही. २ मार्च २०२२ ला तिथं मतदान झालं, १४१ बाजूनं, ५ विरोधात, ३५ तटस्थ. विरोधातले पाच म्हणजे रशिया, बेलारूस, उत्तर कोरिया, इरिट्रिया आणि सीरिया. महासभेचा ठराव पाळायलाच पाहिजे असं बंधन कुणावर नसतं, भाच्याचा मुद्दा तिथपर्यंत बरोबरच आहे.

पण खरं फेरफाराचं मतदान ते नाहीच, ते झालं ऑक्टोबरमध्ये. रशियानं युक्रेनचे चार प्रांत, दोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झिया आणि खेर्सन, आपल्यात घेतल्याचं जाहीर केलं, आणि १२ ऑक्टोबर २०२२ ला महासभेनं १४३ मतांनी सांगितलं की ही नोंद कुणी धरू नका. ह्याचा अर्थ रोजच्या व्यवहारात काय होतो ते क्रायमियात दिसतं. तो भाग २०१४ पासनं रशियाच्या ताब्यात आहे, पण तिथला माल युरोपियन युनियनमध्ये विकता येत नाही, तिथल्या लोकांना रशियानं दिलेला पासपोर्ट अनेक देश धरत नाहीत, बाहेरची मोठी कंपनी तिथं गुंतवणूक करायला धजत नाही, उद्या मालक कोण ठरेल ह्याची गॅरंटी नाही म्हणून. चार सरीतला ऊस तोडता येतो, पण सोसायटी दारात उभं करत नाही, तेच.

तटस्थ ३५ मध्ये आपण पण होतो, आणि भाच्यानं लगेच विचारलं, आपण का गप. तर ह्याला जुनी कारणं आहेत. डिसेंबर १९६१ ला आपण गोव्यात सैन्य घातलं, आपण त्याला मुक्ती म्हणतो आणि पोर्तुगाल त्याला आक्रमण म्हणत होता, तेव्हा भारतानं माघार घ्यावी असा ठराव सुरक्षा परिषदेत आला आणि तो सोव्हिएत युनियननं व्हेटो मारून पाडला. १९७१ ला बांगलादेशच्या लढाईत पण आपल्या अडचणीचे ठराव त्यांनीच अडवले. काश्मीरचा विषय डोक्यावर, शस्त्रं त्यांची, आणि २०२२ नंतर स्वस्त तेल पण त्यांचंच. तटस्थ राहणं म्हणजे विरोध नव्हे, आणि पाठिंबा तर नव्हेच, गावकीत एखादा म्हणतो ना, "दोघं पण आमचेच, मला मधी घेऊ नका." सप्टेंबर २०२२ मध्ये समरकंदला मोदी पुतिनना तोंडावर म्हणाले की आजचा काळ युद्धाचा नाही, आणि तरी मत द्यायच्या वेळी हात खालीच राहिला. मला विचाराल तर हा व्यवहार मला समजतो, पण त्याला फार तत्त्वाचा मुलामा देऊ नये.

मधेच एक शब्दाचा खेळ सांगतो, कारण करार वाचताना नेमका इथंच घोळ होतो. सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा युक्रेनच्या जमिनीवर अणुबॉम्बचा मोठा साठा राहिला होता. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टला कागद झाला, युक्रेननं ते सगळे सोडायचे आणि त्याबदल्यात रशिया, अमेरिका, ब्रिटन तिघांनी त्याच्या हद्दीचा मान राखायचा. पण इंग्रजी कागदावर शब्द 'हमी'चा नव्हता, 'आश्वासना'चा होता. हमी दिली असती तर हल्ला झाल्यावर स्वतः धावून जावं लागलं असतं. आश्वासनात तसं काय नाही. कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही करणं वेगळं आणि "माणूस चांगला आहे हो" असं साहेबाला तोंडी सांगणं वेगळं, बँकेत ज्यानं एकदा सही केलीय त्याला फरक लगेच कळंल.

कधी कधी मात्र सगळं जुळून येतं. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत गिळला. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेनं माघार घ्या म्हणून सांगितलं, चार दिवसांत व्यापारबंदी, ९ ऑगस्टला ठराव की हे विलीनीकरण कायद्यानं झालंच नाही असं धरा, आणि नोव्हेंबरमध्ये शेवटची मुदत देऊन बळ वापरायला परवानगी. अमेरिकेनं पहिल्याच दिवशी आपल्याकडच्या बँकांतला कुवेतचा पैसा गोठवला, इराकला त्याला हात लावता येऊ नये म्हणून. फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस कुवेत मोकळा. तेव्हा सोव्हिएत युनियन आणि अमेरिका भांडणाच्या मूडमध्ये नव्हते आणि कुवेतखाली तेल होतं, हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर गोष्ट फार गोड वाटंल. कारण १९३५ ला इटली ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात घुसला तेव्हा राष्ट्रसंघानं, म्हणजे युनोच्या आधीच्या संघटनेनं, निर्बंध लावले पण तेल त्यातनं वगळलं, रणगाडे तेलावर चालतात तरी. तिथला सम्राट हैले सेलासी जून १९३६ ला जिनिव्हात स्वतः उभा राहून बोलला. १९३८ ला ब्रिटन-फ्रान्सनं इटलीचा ताबा मान्य करून टाकला, म्हणजे शेजाऱ्यांनीच फेरफारावर सही केली.

सही न करण्याची चिकाटी बघायची तर एस्टोनिया, लातव्हिया, लिथुआनिया. १९४० ला सोव्हिएत युनियननं हे तिन्ही देश आत घेतले. अमेरिकेनं २३ जुलै १९४० ला पत्रक काढून सांगितलं की आम्ही हे मानत नाही, आणि मग पन्नासवर वर्षं मानलंच नाही. वॉशिंग्टनमध्ये लातव्हिया-लिथुआनियाच्या वकिलाती आणि न्यूयॉर्कमध्ये एस्टोनियाची कचेरी चालू राहिली, नकाशावर देश नाही आणि दारावर पाटी आहे. लोक हसत असणार. १९९१ ला हे देश पुन्हा उभे राहिले तेव्हा त्यांनी 'आम्ही नवीन देश' असं म्हटलंच नाही, 'आमचा जुनाच चालू' असं म्हटलं.

हे सगळं परक्यांचं वाटत असंल तर आपल्याकडं या. १६८९ ला संभाजीराजांना औरंगजेबानं मारलं, रायगड पडला, येसूबाई आणि लहान शाहू कैदेत. औरंगजेबाच्या हिशोबात मामला संपला होता. राजाराम महाराज ह्या आपल्या पन्हाळ्यावरनंच निसटले आणि थेट जिंजीला, तमिळ मुलखात, आणि तिथनं राज्य चालवलं, सनदा तिथनं निघायच्या, वतनं तिथनं मिळायची, आणि इकडं हुकूमतपन्हा म्हणून रामचंद्रपंत अमात्य सगळं बघायचे. जिंजीला वेढा पडून वर्षांमागनं वर्षं गेली तरी सरदारांच्या लेखी राजा कोण तर जिंजीत बसलाय तो. निर्वासित सरकार म्हणजे हेच. जमीन दुसऱ्याच्या पायाखाली, शिक्का आपल्याजवळ. शिक्का चालतो तोवर राज्य आहे.

आणि आता जिथं मी आहेराची कापडं घेत होतो तिथं येतो.

गांधीनगर म्हणजे वळिवडे. फाळणीनंतर सिंधी लोक इथं आले आणि त्यांनी बाजारपेठ उभी केली, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांच्या आधी, १९४३ ते १९४८, इथं पोलंडची माणसं राहत होती, सुमारे पाच हजार, जास्ती करून बायका आणि पोरं. बरॅकीत संसार, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं गावच. महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, सकाळी चालायला जाणारे रोज त्याला वळसा घालतात.

ही माणसं वळिवड्याला आली कशी, ह्याचं उत्तर एका कागदात आहे. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनी पश्चिमेकडनं पोलंडमध्ये घुसला आणि १७ तारखेला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडनं. त्या १७ तारखेच्या पहाटे मॉस्कोत पोलंडच्या राजदूताला बोलवून घेतलं आणि एक चिठ्ठी वाचून दाखवली, की पोलंड नावाचं राज्य आता अस्तित्वात उरलेलं नाही, त्यामुळं त्याच्याशी केलेले करार संपले. राजदूतानं ती चिठ्ठी हातात घ्यायलाच नकार दिला. बघा, देश दोन्ही बाजूंनी चेचला जातोय आणि हा माणूस एकटा परक्या राजधानीत उभा राहून एक कागद घेत नाही. मला हा प्रसंग फार आवडतो, आमच्या तक्रार अर्जाची आठवण होते, अर्थात आमच्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. इकडं राष्ट्राध्यक्ष रुमेनियात अडकले तर त्यांनी घटनेतल्या कलमाप्रमाणं पॅरिसमध्ये असलेल्या माणसाला वारस नेमून राजीनामा दिला, म्हणजे साखळी तुटली नाही. सरकार आधी फ्रान्सला, मग १९४० ला लंडनला. ब्रिटन आणि बाकीच्यांनी ते खरं सरकार धरलं.

दरम्यान पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सोव्हिएतनी मालगाड्यांत घालून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेली होती. मग जून १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला, स्टालिनला मित्र पाहिजे झाले, आणि ब्रिटननं मधी पडून ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये दोघांची सही घडवली, सोव्हिएत युनियन आणि त्या बिनजमिनीच्या पोलिश सरकारची. त्यात कलम होतं, पोलिश कैद्यांना सोडायचं. सुटलेली माणसं मिळंल त्या गाडीनं दक्षिणेकडं सरकली, १९४२ ला कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला, तिथनं काही हिंदुस्थानात. पहिली पोरं जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला घेतली, मग मोठी छावणी वळिवड्याला. लंडनमधलं सरकार कुणी मानलंच नसतं तर स्टालिननं सही कुणाबरोबर केली असती? मी भाच्याला म्हणालो, कागदाचा उपयोग काय विचारत होतास ना, ह्याच गल्ल्यांत पाच हजार जिते-जागते उपयोग फिरत होते.

पण ह्याची दुसरी बाजू पण वळिवड्यानंच बघितली. एप्रिल १९४३ ला कॅतिनच्या जंगलात सोव्हिएतनीच मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडल्याची बातमी फुटली, पोलिश सरकारनं रेडक्रॉसकडं चौकशी मागितली, आणि स्टालिननं संबंध तोडले. पुढं तेहरानला आणि फेब्रुवारी १९४५ ला याल्टाला तिघं मोठे बसले, रूझवेल्ट, चर्चिल, स्टालिन, आणि पोलंडची पूर्वेकडची हद्द ठरवून टाकली. ज्याची जमीन तो मोजणीला नव्हताच. त्या बैठकीत वाईट हेतूनंच सगळं झालं असं मी म्हणत नाही, लाल सैन्य तेव्हा पोलंडमध्ये उभं होतं आणि त्याला हलवायला कोण जाणार होतं. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेनं वॉर्सामधलं नवं, मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार मान्य केलं आणि लंडनच्या सरकारची मान्यता गेली.

वळिवड्यात त्या दिवशी कुठली तोफ वाजली नाही. पंचगंगा तशीच वाहत असणार, जुलै म्हणजे पुराचे दिवस. पण तिथल्या बाईच्या हातातले कागद ज्या सरकारच्या नावाचे होते ते सरकार हजारो मैलांवर एका सहीनं पुसलं गेलं. बहुतेकांची गावं पूर्वेची, म्हणजे ती आता सोव्हिएत युनियनमध्ये. घरी जायचं म्हटलं तर घरच पोलंडमध्ये उरलं नव्हतं. १९४८ पर्यंत ही माणसं पांगली, कुणी ब्रिटन, कुणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, आफ्रिका, थोडी परत पोलंडला.

म्हणून कुणी 'शांतता' म्हणलं की मी आधी विचारतो, कुठली, आणि मोजणीला मालक हजर होता का. २४ फेब्रुवारी २०२५ ला, युद्धाला तीन वर्षं झाली त्या दिवशी, न्यूयॉर्कला युनोत दोन मसुदे आले. युक्रेन आणि युरोपचा, त्यात आक्रमण आणि हद्द हे शब्द होते, आणि अमेरिकेचा, त्यात युद्ध लवकर संपो आणि टिकाऊ शांतता येवो एवढंच. युक्रेनचा ठराव ९३ मतांनी पास झाला, म्हणजे १४१ वरनं ९३, विरोधात १८ आणि त्यात खुद्द अमेरिका. अमेरिकेच्या मसुद्यात युरोपनं महासभेत ते शब्द घालून घेतले तर अमेरिका स्वतःच्याच ठरावावर तटस्थ राहिली, आणि त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत मूळचा मसुदा १० विरुद्ध शून्य, ५ तटस्थ, असा पास झाला. युद्ध थांबावं हे कुणाला नको आहे, रोज माणसं मरतात. पण चार सरी सोडून तडजोड करायची तर ते मालकानं म्हणायचं असतंय, पंचांनी परस्पर नव्हे.

लंडनच्या त्या पोलिश सरकारचं पुढं काय झालं विचाराल, तर ते चालूच राहिलं. एका घरात, मोठ्यांतलं कुणी विचारत नसताना, एक राष्ट्राध्यक्ष गेला की दुसरा, पंचेचाळीस वर्षं. २२ डिसेंबर १९९० ला शेवटचा राष्ट्राध्यक्ष काचोरोव्स्की वॉर्साला गेला आणि पोलंडमध्ये निवडून आलेला नवा राष्ट्राध्यक्ष लेख वावेंसा ह्याच्या हातात जुनी राजचिन्हं दिली, राष्ट्राध्यक्षाचा झेंडा, शिक्के, १९३५ च्या घटनेची मूळ प्रत. आज वॉर्सात 'कोल्हापूर' नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये मोदी तिथं फुलं वाहून मग रेल्वेनं कीव्हला गेले.

परत येताना भाचा मोबाईलवर नकाशा काढून बसला होता. वळिवड्याच्या त्या पोलिश लोकांच्या पूर्वेकडच्या गावांपैकी बरीच आज युक्रेनमध्ये आहेत, बाकी बेलारूस नाहीतर लिथुआनियात, ल्विव्ह त्यातलंच, तेव्हाचं ल्वुव्ह. "म्हणजे मामा, तेव्हा पोलंडच्या नावावरनं गेलेली जमीन आता ह्यांच्या उताऱ्यावर, आणि पोलंडच आता ह्यांच्या बाजूनं मत देतंय?" मी म्हणालो व्हय, दोघांनी हद्द मान्य केली, १९९२ ला तसा करार पण झालाय, एकमेकांवर दावा नाही म्हणून. तो काय तरी अजून विचारणार होता, तेवढ्यात घरनं फोन आला, टॉवेल-टोप्या घेतल्या का. त्या दुकानातच राहिल्या होत्या. उचगावातनं गाडी परत वळवली.